भरल्या गाडीचा मान

नेमण्णानं एकदा नुसता हात वर करून विमान परतवलं होतं. खोटं बोलत असेन तर माझी जीभ झडो. ती अजून जागेवर आहे, आणि किती जोरात आहे ते बेळगावात कुणालाही विचारा.

लढाईचे दिवस होते. बेळगावाबाहेरच्या माळावर सरकारनं विमानतळ बांधला होता आणि मी तिथल्या पेट्रोलच्या गुदामात कारकून होतो. विमानं उतरायची ती धावपट्टी. तिला आम्ही नुसतं 'पट्टी' म्हणत असू. लाल-हिरवे दिवे दाखवायला उंच लाकडी खोली होती, तिचं नाव 'मचाण'. वारा कुठून येतो ते कळावं म्हणून खांबावर कापडी नळा लटकवलेला, ती 'पिशवी'. अशी सगळ्या विलायती सामानाची आम्ही बारशी करून टाकली होती. आणि गुदामातलं पेट्रोल विमानांपर्यंत नेणारी जी टाकीची लॉरी, तिचा ड्रायव्हर नेमगोंडा. गाव बोरगाव, निपाणीजवळचं. जैनाचा गडी. सगळ्यांचा नेमण्णा.

उंची अशी, की लॉरीत बसला की पटका टपाला टेकायचा. म्हणून त्यानं टपाला भोक पाडून घेतलं होतं असं लोक सांगत. भोक मी स्वतः पाहिलं आहे. पटका त्यातून वर आलेला मात्र पाहिला नाही. मिशा पिकलेल्या, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि वर सरकारी खाकी कोट. आवाज एवढा मोठा, की तो बोरगावच्या यात्रेत खोकला तर निपाणीच्या वखारीतल्या बायकांच्या हातातून तंबाखू सांडायची.

त्याची हयात बैलगाडीवर गेलेली. निपाणीच्या तंबाखूचे बोद, हे एवढाले गठ्ठे, गाडीत भरायचे, तवंदीचा घाट चढायचा आणि बेळगावला आणून टाकायचे. पुढं व्यापाऱ्यानं लॉरी घेतली, आणि भरवशाचा गाडीवान म्हणून तिच्यावरही यालाच बसवला. लॉरी चालवायला तो शिकला, पण बैल सोडायला काही शिकला नाही. सकाळी लॉरीत पाणी ओतताना "पी, पी, लई तान लागलीय" म्हणायचा. निघताना कानडीत "नडी, नडी" करून तिला पुढं हाकायचा. थांबल्यावर तिच्या बॉनेटवर थाप मारायचा, आणि गंमत म्हणजे थाप मारल्याशिवाय ते इंजिन खरोखरच बंद होत नसे. चाक हलवण्याआधी वाकून चारी चाकांखाली बघायचा. पावसाळ्यात बेडकं निघायची. एकेक बेडूक ओंजळीत घेऊन गवतात नेऊन ठेवायचा आणि वर त्यालाच दम भरायचा, "मोटारीखाली बसतंय व्हय रं, अकलेच्या?"

आता ते विमानाचं.

तवंदीच्या घाटात एक रीत होती. भरलेली गाडी चढत असली की उतरणाऱ्या रिकाम्या गाडीनं थांबायचं. चढावर बैल एकदा अडले की गाडी मागं सरकते, आणि मग बैल, गाडीवान, तंबाखू सगळंच दरीत. म्हणून उतरत्यानं आपली गाडी डोंगराच्या अंगाला लावायची, खाली उतरायचं, बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभं राहायचं आणि चढती गाडी निघून गेल्यावरच हलायचं. याला 'भरल्या गाडीचा मान' म्हणत. हा मान मोडणाऱ्याला त्या रस्त्यावर कुणी पाणीसुद्धा विचारत नसे.

नेमण्णा नोकरीवर नवाच होता. टाकी काठोकाठ भरून पट्टी ओलांडत होता. पट्टीच्या टोकाकडून विमान उतरायला लागलं. मचाणावरून लाल दिवा दिसला. नेमण्णानं दिवा पाहिला, विमान पाहिलं, आणि पट्टीच्या ऐन मध्यावर लॉरी थांबवून पायफळीवर उभा राहिला. हात वर केला आणि तो यात्रेतला आवाज काढला:

"थांब की रं! दिसत न्हाय व्हय, भरल्याली गाडी हाय!"

विमान त्याच्या डोक्यावरून असं गेलं, की त्याचा पटका उडाला तो थेट बेळगावच्या बाजारात सापडला. म्हणजे मी तसं सांगतो. खरं तर तो पिशवीच्या खांबाला गुंडाळलेला सापडला. विमान गुरगुरत परत वर गेलं, एक मोठी घिरटी घेऊन पुन्हा आलं. तोवर नेमण्णानं शांतपणे पट्टी ओलांडली होती.

आमच्या मोठ्या साहेबानं बोलावणं धाडलं. लाल चेहऱ्याचा, मिशा कात्रीनं आखल्यासारख्या. दुभाषा म्हणून मी मध्ये. मला चष्मा होता, म्हणून नेमण्णा मला मास्तर म्हणायचा.

साहेब म्हणाला, "याला विचार, लाल दिवा दिसला नाही?"

"दिसला की," नेमण्णा म्हणाला. "त्यो दिवा त्या उतरनाऱ्याला दावला न्हवं? थांब म्हनून?"

हे मी साहेबाला सांगितलं. साहेबाचा चेहरा वांग्याच्या रंगावर गेला.

"मास्तर, साहेबास्नी इचारा," नेमण्णा म्हणाला, "भरल्यालं कुठलं? वर जातंय त्ये, का खाली येतंय त्ये?"

साहेबानं विचार केला आणि म्हणाला, वर जाणारं. खाली येईतो पेट्रोल जळून गेलेलं असतं.

"मग रिकाम्यानं थांबायचं का भरल्यानं?"

साहेबानं टोपी काढून टेबलावर ठेवली. शेवटी त्यानं माझ्याकडे बघून दमानं सांगितलं, की बाबा, विमानाला थांबता येत नाही. हवेत थांबलं की ते पडतं.

हे कानडी-मराठी करून मी सांगितलं, तेव्हा नेमण्णाचा चेहरा जो उतरला तो मी विसरलो नाही.

"अजाबात थांबता येत न्हाय?"

"अजिबात."

"आन वाटंत कोन आडवं आलं तर?"

"तोही मरतो आणि आत बसलेलेही मरतात."

त्यानं खिडकीतून पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आरारा. मास्तर, हे अगुदर सांगायचं न्हाय व्हय? म्या बिचाऱ्याला शिव्या घातल्या."

त्या दिवसापासून नेमण्णाला विमानाची दया यायला लागली. आकाशात घरघर झाली की तो लॉरी बाजूला घ्यायचा, खाली उतरायचा, बॉनेटवर हात ठेवून अदबीनं उभा राहायचा आणि विमान थांबेपर्यंत हलायचा नाही. बाजूला घ्यायची तीही घाटाच्या रीतीनं, म्हणजे डोंगराच्या अंगाला. आता तो माळ परातीसारखा सपाट. पट्टीला कुठला डोंगर आणि कुठली दरी? पण खानापूरच्या रोखानं लांबवर डोंगरांची एक निळी रेघ दिसायची. नेमण्णानं ठरवून टाकलं, की ती बाजू डोंगराची, समोरची दरीची. दरीच्या बाजूला तो चाकसुद्धा उतरवत नसे. पाण्याच्या गाडीवाल्याला, आगीच्या बंबवाल्याला, सगळ्यांना त्यानं हे घोकायला लावलं. म्हातारा माणूस, पदरची रीत, आणि आवाज तसला. कोण वाद घालणार? साहेबही खूश. विमान आलं की सगळ्या गाड्या एका बाजूला ओळीनं उभ्या! त्यानं ती शिस्त आपणच लावली असं वर कळवलं असणार.

वाद घालणारा एकच होता. मारुती.

मारुती माळाला लागून असलेल्या गावचा. त्याचं रान पट्टीखाली गेलं होतं. पट्टीच्या कडेचं गवत ट्रॅक्टरनं कापायची नोकरी त्याला मिळाली होती, आणि तो आल्यागेल्याला सांगायचा, "माज्याच रानातलं गवत कापाय सरकार मला पगार देतंय. असा मालक दुसरा दावा!" त्याचा ट्रॅक्टर म्हणजे फुटका डबा. हँडल मारून चालू करायचा आणि मग तो असा फटफटायचा, की तीन शेतं पलीकडच्या म्हशी पान्हा चोरायच्या.

"आण्णा, डोंगर कुठं हाय म्हनं हितं?" तो नेमण्णाला डिवचायचा.

"त्यो काय. डोळं हाईत का बटनं?"

"त्यो खानापूरच्या वाटंला हाय! तिथनं दरड कोसळली तरी हितं येईस्तोवर माजं जेवान हुईल."

"आन दरीच्या अंगाला पडलास म्हंजे?"

"त्या अंगाला आमची हीर हुती. पडलो तर आंगूळ करून यीन."

"रीत म्हंजे रीत," नेमण्णा म्हणायचा, आणि त्याच्या पाठीत थाप घालायचा. मारुती हसायचा, पण विमान आलं की मुकाट ट्रॅक्टर डोंगराच्या अंगाला घ्यायचा, उतरायचा, त्या तापलेल्या डब्यावर हात ठेवून उभा राहायचा. मानायचा तो नेमण्णाला.

मारुतीची आई, गंगाक्का, तारेच्या कुंपणाशी भाकरी घेऊन यायची. एकदा ती माझ्यादेखत नेमण्णाला म्हणाली, "आण्णा, ह्येच्याकडं ध्यान असू द्या. अजून रान आपलंच हाय असं वाटतंय त्येला. मोकाट हिंडतोय."

"मी हाय न्हवं, आक्का," नेमण्णा म्हणाला.

पाऊस सरत आलेला होता. त्या दिवसांत बेळगावला सकाळी जे धुकं पडतं त्याबद्दल मी काही वाढवून सांगायची गरज नाही. हातातला चहा तोंडाला सापडत नाही. अशाच एका सकाळी लांबून आलेलं एक दोन पंख्यांचं मालवाहू विमान वाट चुकून आमच्या डोक्यावर घिरट्या घालत होतं. घरघर जवळ यायची, लांब जायची. मग ते खाली यायला लागलं. मारुती पट्टीवर होता. आम्हाला तो दिसत नव्हता, ऐकू येत होता. ट्रॅक्टर फटफटत पट्टीवरून डोंगराच्या अंगाला गेला आणि थांबला. बंद केल्याचाही आवाज आला.

विमानाची चाकं ओल्या पट्टीला टेकली, घसरली, आणि विमान पट्टी सोडून कडेला गेलं. डोंगराच्या अंगाला.

विमानातले सगळे आपल्या पायांनी खाली उतरले. मारुती ट्रॅक्टरला हात लावून उभा होता तिथंच सापडला. तो पट्टीच्या मध्यावर असता तरी वाचला असता, कारण विमान त्याच्या खूप आधीच कडेला वळलं होतं. दरीच्या बाजूला असता तर त्याला वारासुद्धा लागला नसता. हे कुणी नेमण्णाला बोलून दाखवलं नाही. पण चाकांच्या खुणा चिखलात उमटल्या होत्या, आणि चाकोऱ्या वाचण्यात नेमण्णाचा जन्म गेला होता. तो त्या खुणांच्या कडेकडेनं चालत गेला आणि चालत परत आला.

मारुतीला गावात नेलं, तेव्हा नेमण्णा तारेपर्यंत आला. तारेच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही.

यापुढं माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी थापाड्या माणूस आहे. पण थाप मारताना मला मजा येते, आणि हे सांगताना येत नाही, एवढा फरक ध्यानात असू द्या.

नेमण्णानं लॉरीशी बोलणं सोडलं. पाणी ओतायचा, मुकाट्यानं. आणि धुक्याच्या सकाळी तो पट्टी ओलांडताना मध्यावर थांबायला लागला. मचाणावर हिरवा दिवा असला, आकाशात माशीची गुणगुण नसली, तरी थांबायचा. टाकी भरलेली. खाली उतरायचा नाही. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून कान देऊन बसायचा. मागच्या गाडीवाल्यांनी भोंगे वाजवले तरी हलायचा नाही. मग जरा वेळानं निघायचा.

"काय ऐकतोस, आण्णा?" मी विचारलं.

"गवात कापतोय," तो म्हणाला.

ट्रॅक्टर तर शेडमध्ये मोडून पडलेला होता. त्याचं इंजिन काढून नेलं होतं आणि पोकळीत चिमण्यांनी घरटं केलं होतं. मी त्याला हाताला धरून नेऊन ते दाखवलं. त्यानं पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "व्हय. मला ठावं हाय."

मग टिटव्या. माळावर टिटव्या पुष्कळ. धुक्यात त्या डोंगराच्या अंगाला एकाएकी ओरडत उठायच्या आणि पट्टीच्या कडेकडेनं पुढं पुढं उठत जायच्या, एखाद्या चालत्या गाडीपुढून उठाव्यात तशा. मग वास. ताज्या कापलेल्या गवताचा वास मला ओळखू येतो. शेतकऱ्याच्या पोटचा आहे मी. मारुतीनंतर त्या बाजूला गवत कापायला कुणी तयार नव्हतं. बाकीच्या माळावर गवत माझ्या छातीला लागत होतं. बरं, गुडघ्याला. पण त्या बाजूची पट्टीलगतची कड मात्र नुकतीच हजामत केल्यासारखी. साहेबानं एकदा तिथून फिरताना छडीनं ते गवत दाखवून "छान काम" असं म्हटलं, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे राहिलो.

भीती आम्हाला मारुतीची नव्हती. भीती होती नेमण्णाची. पेट्रोलनं भरलेली लॉरी पट्टीच्या मध्यावर उभी, धुकं, आणि विमानं तर येतच होती. एक दिवस हा मरणार, आणि विमानभर माणसं घेऊन मरणार. मी एकदा त्याला गाठलाच.

"आण्णा, मध्यावर उभा राहू नकोस. विमान आलं की बाजूला घे."

"कुठल्या बाजूला?"

माझा हात सवयीनं डोंगराच्या रोखानं उठला.

"डोंगराच्या अंगाला मारत्या हाय," तो म्हणाला. "माज्या सांगन्यानं तिथं गेला. आता त्येच्या अंगावर गाडी कशी घालू?"

"मग दरीच्या बाजूला घे."

"दरीत? माजा हात वळत न्हाय मास्तर तिकडं. उभ्या जल्मात वळला न्हाय." मग आवाज एकदम बारीक करून, त्या यात्रेतल्या आवाजाचा दोरा करून म्हणाला, "त्येच्या मनात काय हाय त्येवढं मला कळाय पायजे. म्या त्येला मारला असं त्यो म्हनत असंल तर मी मधी उभा हायच. घिऊन जा म्हनाव. न्हाय म्हनत असंल तर तसं सांग म्हनाव. न्हाय तर आक्काच्या दारात मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

साहेबाला जाऊन सांगावं, तर याला हाकलून देतील. मग हा तारेबाहेरून धुक्यात घुसेल. मी एवढंच केलं, की धुकं असलं की काहीतरी निमित्त काढून त्याच्या शेजारी लॉरीत जाऊन बसायचो. धाडस म्हणा किंवा मूर्खपणा म्हणा. माझी बायको दुसरा शब्द वापरायची.

असाच एका सकाळी बसलो होतो. धुकं असं, की लॉरीचं बॉनेट दिसत नव्हतं. मध्यावर येऊन नेमण्णानं लॉरीचं तोंड पट्टीच्या लांबीला केलं, डोंगर माझ्या दाराच्या अंगाला, आणि थांबला. मचाणाचा दिवा नाहीच दिसला, लाल की हिरवा देव जाणे. आणि वर घरघर सुरू झाली. खरी. माझ्या पायांखालची फळी थरथरायला लागली.

"आण्णा, चल!"

तो हलला नाही. डोळे मिटून बसला होता. मी दाराची कडी ओढत होतो आणि कडी निघत नव्हती. घरघर समोरून खाली येत होती.

तेवढ्यात डोंगराच्या अंगानं फटफट ऐकू आली.

तो डबा मी हजार यंत्रांतून ओळखला असता. पट्टीच्या कडेकडेनं नाही; आडवा, थेट आमच्याकडे येत होता. कापलेल्या गवताचा वास नाकात भरला. फटफट माझ्या दाराच्या बाजूनं आली, पार दाराशी आली. ढोराला बाजूला रेटताना गडी जसा अंगानं रेटतो तशी लॉरी माझ्या बाजूनं रेटली गेली. मी बाहेर पाहिलं. पांढरं धुकं, दुसरं काही नाही.

"आलं, आलं, रेटू नगंस," नेमण्णा म्हणाला. कुणाला, ते विचारू नका. त्याचा तो न वळणारा हात वळला. लॉरी धडपडत पट्टीवरून खाली गेली, दरीच्या अंगाला, जिथं ती कधी गेली नव्हती. आम्ही जिथं उभे होतो तिथून विमान गेलं. त्याचा एक पंख आमच्या टपावरून गेला, आणि मग ते घसरत पलीकडे उतरलं. डोंगराच्या अंगाला. गवत फाडत गेलं आणि लांब जाऊन उभं राहिलं. आग नाही, ओरडा नाही. धुक्यातून आधी हसण्याचे आवाज आले. जिवंत राहिलेली माणसं हसतात तसे.

फटफट थांबली होती.

साहेब धापा टाकत आला. आम्हाला पाहिलं, लॉरी पाहिली. शिव्या देईल असं वाटलं. पण तो इकडंतिकडं बघत मला म्हणाला, "आणि तो नवा ट्रॅक्टरवाला कुठं गेला? त्याला लागलं तर नाही?"

मी म्हणालो, "साहेब, तो रजेवर आहे."

आयुष्यात मी बोललेलं हे सगळ्यात मोठं खोटं आहे की सगळ्यात मोठं खरं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

नेमण्णा स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. "त्यानं हलिवलं," एवढंच म्हणत होता. "हलिवलं मला." पण त्यानं त्याचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "येवढी मानसं मराय नगंत म्हनून त्यानं गाडी हलिवली आसंल. माज्यासाठी हलिवली असं कशावरनं?"

गाडीवानाला चाकोरी दिसते, पण गाडीतल्या माणसाच्या मनातलं कसं दिसावं? पण त्या दिवसानंतर तो मध्यावर थांबला नाही. धुकं असलं की पट्टीच्या अलीकडेच थांबायचा. आणि एका दुपारी, कधी नव्हे तो, तार ओलांडून गंगाक्काच्या दारात गेला. मी सोबत होतो. त्यानं मागं राहू नकोस म्हणून माझा सदरा धरून ठेवला होता.

म्हातारी जोंधळे पाखडत होती. नेमण्णा उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. डोंगर, दरी, रीत, चाकोरी, सगळं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मला ठावं हाय ते," ती म्हणाली. "गावात सांगिटलं मला."

"मग आक्का..."

"माज्या बोलन्यानं तुमचं भागनार हाय का? त्यो गेलाय, त्येलाच इचारा."

"इचारतोय. बोलत न्हाय त्यो माज्याशी."

ती बराच वेळ पाखडत राहिली. मग म्हणाली, "माज्याशी बोलंल. मला त्या जागंवर न्या."

लढाई तोवर संपली होती. विमानं क्वचित यायची, पहारेकरी पेंगायचे, आणि गोरे साहेब सामान बांधायला लागले होते. धुक्याची एक सकाळ बघून आम्ही निघालो. पुढं नेमण्णा, मागं पदर खोचून गंगाक्का, आणि दहाएक पावलांवर मी. पट्टी ओलांडून पलीकडच्या काठाला आलो. नेमण्णा तिथंच थांबला.

"हितनं पुढं," त्यानं हात केला.

म्हातारी न थांबता पुढं गेली. धुक्यात तिचं लुगडं विरलं. टिटव्या उठल्या नाहीत. नुसता तो कापलेल्या गवताचा वास.

मग तिचा आवाज आला. मोठा नाही, चुलीपुढं बसून बोलावं तसा.

"मारत्या?"

थांबली. मग म्हणाली, "किती वाळलास रं."

पुन्हा थांबली. समोरच्याचं बोलणं ऐकून घ्यायला माणूस थांबतो तेवढीच. मला दुसरं कुणी ऐकू आलं नाही. पण त्या रिकाम्या जागांमध्ये कुणीतरी बोलत होतं, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगेन.

"न्हाय, मी बरी हाय... म्हस इकली... व्हय, तीच... आन हिरीवर कशाला जातोस? बुजिवली न्हवं ती?"

आणि ती हसली.

नेमण्णा माझ्यापुढं काठावर पाठमोरा उभा होता. त्याचे हात कोटाच्या बाह्यांतून बाहेर लोंबत होते.

धुक्यात बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली, "आलेत की. ते काय, मागं उभं हाईत." पुन्हा थांबली. ही रिकामी जागा सगळ्यांत लांब होती.

"आण्णा," गंगाक्कानं हाक मारली, "या. त्यो तुमास्नी बोलावतोय."

नेमण्णानं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. वाकला आणि पायांतल्या वहाणा काढल्या, कुणाच्या घरात शिरताना काढतो तशा, आणि पट्टीच्या काठावर जोडीनं ठेवल्या. मग त्या आखूड, ओल्या गवतात उतरला. धुक्यानं आधी त्याचे पाय घेतले, मग धोतर, मग तो खाकी कोट. पटका तेवढा वर उरला होता, चालत चालत थोडा वाकला, जसा बसलेल्या माणसाचं ऐकायला कुणी वाकावं, आणि तोही गेला.